लाकडी मुठीवरचे दात

माझ्या बाबांचे दात मी काढवले. सगळे, वरचे आणि खालचे, अलिबागच्या एका दवाखान्यात, तीन खेपांत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच त्यांना एसटीत बसवून नेलं आणि डॉक्टरांना म्हटलं, एकदाचे सगळे काढून टाका. बाबांचं दुखणं थांबावं, चार घास सुखानं पोटात जावेत, एवढंच माझ्या मनात होतं. पण बाबा त्या दातांनी नुसते चावत नव्हते, त्या दातांनी ते ऐकत होते. हे मला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, पंचेचाळिशी उलटली तरी ठाऊक नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं बाबांचं गॅरेज रिकामं झालं.

गॅरेज म्हणजे काय, तर मुरूडकडून आगरदांड्याच्या जेटीला जाणाऱ्या रस्त्यावर, उंडीच्या झाडाखाली, चार खांबांवर टाकलेले पत्रे. पाटीबिटी काही नाही. बाबा तरुणपणी बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. तेव्हाच्या त्या इंजिनांना सायलेन्सर कसला नि काय कसलं, नुसता धडधडाट. पुढे जीपा आल्या, टेम्पो आले, आणि मग टर्बोच्या मोठमोठ्या गाड्या आल्या. डिझेल पिणारं काहीही असो, बाबा त्याला हात लावायचे. पेट्रोलच्या गाडीला मात्र लांबूनच नमस्कार. "ती ठिणगीवाली भानगड आपली न्हाय," म्हणायचे.

आमचं गिऱ्हाईक बहुतेक फेरीबोटीचं. आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला जायचं असेल तर बोटीशिवाय गाडीला दुसरी जवळची वाट नाही. बोट सुटेल या धास्तीनं माणसं चढउतार न बघता गाडी पिटाळत आणतात आणि थेट बोटीत घुसवतात. घुसवली रे घुसवली की बोटीवरचा माणूस बॉनेटवर थाप मारून ओरडतो, "बंद करा, बंद करा!" झालं. टर्बो आत लालबुंद तापलेला, आणि त्याचं तेल झटक्यात बंद. मग आहे ते तेल जागच्या जागी जळून चिकटतं. असं वर्षभर केलं की टर्बोचे बारा वाजलेच म्हणून समजा. बाबांना याचा भारी राग. रस्त्यात उभं राहून गाड्या अडवायचे आणि सांगायचे, "अलीकडं थांब, मिनिटभर नुसती चालू ठेव, मग जा बोटीत." माणसं म्हणायची, "काका, बोट सुटेल." बाबा म्हणायचे, "सुटू दे की. दुसरी येईल. टर्बो न्हाय दुसरा येत फुकट."

आणि गाडीवाल्यांचे प्रश्न तरी असतात किती? लहानपणापासून तेच ते ऐकत आलेय मी. "मिस्त्री, टर्बो म्हणजे काय हो नेमकं?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "चूल फुंकायची फुंकणी. फरक इतकाच, की इथं चुलीतून निघालेला धूरच फुंकणी चालवतो. फुकट जाणाऱ्या धुरावर पाती फिरतात अन इंजिनात जादा हवा कोंबतात." "सकाळी गाडी किती वेळ गरम करायची?" "चहा पीत बसू नको. अर्धा मिनिट चालू ठेव अन हळू निघ. निघाल्या निघाल्या रट्टा मारू नको." "धूर काळा येतोय." "हवा कमी पडते. फिल्टर बघ, नळीला चीर गेलीय का बघ." "निळा येतोय." "तेल जळतंय. टर्बोचं सील बघाया लागंल." पावसाळ्यात निम्म्या गाड्या चालूच व्हायच्या नाहीत. त्यांना एकच औषध, "डिझेलात पाणी हाय. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल कर, पाणी काढ, मग चालू होईल."

एक गोष्ट बाबा न विचारता सांगायचे. "टर्बोचं सील फुटलं तर इंजिन आपलंच तेल पिऊन धावत सुटतं. मग ते चावीला विचारत न्हाय. चावी काढलीस तरी थांबायचं न्हाय. घाबरून उडी मारू नको. ब्रेक दाब, वरचा गिअर टाक, क्लच सोड. गुदमरून बंद पडंल." माणसं हसायची, मान हलवायची आणि निघून जायची. मिस्त्रींना बोलायची हौस आहे, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

इंजिनाच्या पोटात काय बिघडलंय हे ओळखायला मेकॅनिक लोक एक युक्ती करतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतली टकटक ऐकू येते. बाबा मूठ कानाला लावत नसत, दातात धरत. वरचे चार, खालचे चार, गच्च. डोळे मिटायचे. हाताच्या इशाऱ्यानं गाडीवाल्याला जरा रेस द्यायला लावायचे. मग मूठ काढून म्हणायचे, "दोन नंबरचा नोझल खराब हाय." उघडून बघावं तर तोच खराब. गावातले लोक चिडवायचे, "मिस्त्री इंजिन चाखतात. काय हो मिस्त्री, मीठ बरोबर आहे ना?" सगळे हसले की बाबाही हसायचे. त्या लाकडी मुठीवर दोन्ही बाजूंनी दातांचे खड्डे पडले होते. मला ते बघून शिसारी यायची. मी त्यांना कितीदा म्हटलं असेल, शी बाबा, ग्रीसनं बरबटलेली ती वस्तू तोंडात काय घालता!

आई त्याच झाडाखाली टेबल मांडून सुकट, जवळा, बोंबील विकायची. ती बोर्ली पंचतनच्या बाजूची, म्हणजे खाडीपलीकडची. बोट लागली की माहेरचं कुणी उतरतंय का म्हणून मान उंच करून बघायची. गाडी थांबली की गाडीवाला बाबांशी बोलायचा आणि आईचे हात उगाच चाळे करायचे. कधी केसांना हात लाव, कधी वर आभाळाकडे बोट दाखव, कधी पदर झटक. मला वाटायचं, कावळे हाकलतेय. केस म्हणजे काळा धूर, आभाळ म्हणजे निळा, पदर झटकला म्हणजे गाडीत पाणी गेलंय, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. माझ्या डोळ्यांदेखत ती दोघं असला संसार करत होती आणि मी आपली कॉलेजात जाऊन शहाणी होऊन आले.

एक दुपार मात्र मला लख्ख आठवते. माझं लग्न होऊन मी अलिबागला गेले होते, तिथे एका कचेरीत नोकरीलाही लागले होते. एकदा न कळवता घरी आले. गॅरेजात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा बाकावर बसले होते, तोंडात तो स्क्रूड्रायव्हर, आणि आई त्यांच्यासमोर वाकून उभी. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिनं स्वतःच्या हनुवटीला टेकवलं होतं आणि ती काहीतरी बोलत होती, हसत होती. बाबांचे डोळे मिटलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, या वयात काय हे थेर! मुद्दाम मोठ्यानं खाकरले. आई दचकून बाजूला झाली, लाजली, आणि म्हणाली, "आलीस व्हय गो बाय? कळवायचं तरी." बाबांनी डोळे उघडलेच नव्हते. ते तसेच, मूठ दातात धरून, पुढचं ऐकायची वाट बघत बसले होते.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. ताप अंगावर काढला आणि आठवड्यात आटोपलं सगळं. त्यानंतर मी दर शनिवारी एसटीनं बाबांकडे जायला लागले. आणि बाबा मला दिवसेंदिवस खडूस वाटायला लागले. म्हणजे काय, की माणसाला बोलूच द्यायचे नाहीत. गाडीवाल्यानं तोंड उघडलं की यांचं उत्तर सुरू. पावसाळा असेल तर पाण्याचं, उन्हाळा असेल तर तापण्याचं, बोटीतून आलेली टर्बोची गाडी असेल तर मिनिटभर चालू ठेवायचं. दहातल्या नऊ जणांचा प्रश्न तोच असायचा, म्हणून निभावत होतं. दहावा तोंडाकडे बघत राहायचा. माझ्याशीही तेच. मी सांगायला लागले की मुलाची परीक्षा आहे, तर म्हणायचे, "चहा झालाय माझा." मी चिडायचे. "अहो, माझं बोलणं पुरं तरी होऊ द्या की!" ते नुसते हसायचे. ते हसणं मला आणखीच झोंबायचं.

तुम्ही म्हणाल, सख्ख्या मुलीला कसं कळलं नाही? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. घरात माणूस बोलून बोलून बोलतं किती हो? चहा घ्या, जेवायला चला, आंघोळीचं पाणी काढलंय, एसटी किती वाजता आहे. वीसेक वाक्यं असतील. तोंडाकडे नि घड्याळाकडे बघून कुणीही ओळखेल. फोन बाबांनी आयुष्यात घेतला नाही. आधी आईच्या हातात द्यायचे, नंतर तो वाजून वाजून बंद व्हायचा. मी समजले, म्हाताऱ्याला फोन आवडत नाही.

मग त्यांचे दात दुखायला लागले. मशेरीनं आधीच वाट लागलेली. गाल सुजला, जेवण तुटलं. मी रजा टाकली आणि त्यांना अलिबागला घेऊन आले. डॉक्टर भला माणूस होता. बाबांना त्या उताण्या खुर्चीत निजवलं, चष्मा काढून माझ्याकडे दिला, डोळ्यांवर दिवा सोडला. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. त्यांनी सगळं नीट तपासून बाबांनाच विचारलं, "आजोबा, दाढा गेल्यात तुमच्या, पण समोरचे आठ घट्ट आहेत. ते ठेवून अर्धी कवळी बसवता येईल. ठेवू या का?" बाबा दिव्याकडे बघत पडून राहिले. मीच घाईनं म्हटलं, "नको डॉक्टर, आज ना उद्या तेही दुखतील. परत परत कुठं आणू यांना? बाबा, सगळेच काढू या ना?" बाबांनी मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणाले.

पहिल्या दोन खेपांना दाढा निघाल्या, ते मुकाट्यानं बसले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चिमटा समोरच्या दाताला लावला, तेव्हा बाबांनी एकाएकी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. पान्हा फिरवून फिरवून घट्ट झालेला हात तो. डॉक्टर थांबले, माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं असेल? मी बाबांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि थोपटत म्हणाले, "घाबरताय काय लहान मुलासारखं? झालंच आता, झालंच." बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, इंजेक्शन दुखलं.

एसटीत ते सारखे ओठांवरून बोट फिरवत होते. घरी आलो, तर घरात न शिरता तसेच गॅरेजात गेले आणि खुंटीवरचा स्क्रूड्रायव्हर काढून तोंडाशी नेला. मी धावत जाऊन तो हिसकावला. "जखमा ओल्या आहेत तुमच्या! चिघळलं म्हणजे? अक्कल आहे का काही?" असं बोलले मी बाबांना. वर तो स्क्रूड्रायव्हर साबणानं घासून काढला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कवळी बसली. बाबा सुंदर दिसायला लागले, मी फोटो काढले. दात आहेत तर चणे नाहीत नि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ऐकवून लोकांनी थट्टा केली. भाकरी खाता यायला लागली. माझं काम फत्ते झालं म्हणून मी खूश होते.

महिन्याभरानं, एका शनिवारी मी गॅरेजात असताना बोर्लीचा एक टेम्पोवाला आला. मासळी नि बर्फ नेणारा, कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक. "मिस्त्री, टर्बोची शिट्टी बदललीय," म्हणाला. "आधी बारीक वाजायची, आता रडल्यासारखी वाजते. बघा जरा." बाबांनी फळीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक लावलं, मूठ दातात धरली. कवळी खडखड वाजली आणि निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग त्यांनी कवळी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि नुसत्या हिरड्यांनी मूठ दाबली. मग हनुवटीला लावून बघितली. मग कानामागच्या हाडाला. टेम्पोवाला चुळबुळ करत होता. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी मागं जाऊन धूर बघितला आणि म्हणाले, "धूर साफ हाय. चालंल."

पुढच्या शनिवारी तो टेम्पोवाला परत आला, पण टेम्पो नव्हता. बाबांसमोर हात जोडून उभा राहिला. "मिस्त्री, दिघीच्या उतारावर सील फुटलं. निळा धूर, पुढचं काही दिसेना. चावी काढली तरी इंजिन थांबेना, किंचाळायलाच लागलं. तुम्ही सांगितलेलं आठवलं. ब्रेक दाबला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. न्हायतर खाडीत होतो मी. तुमच्यामुळं वाचलो." बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी काय समजायचं ते समजून मान खाली घातली. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गाडी मुरूडला दिलीय करायला. राग मानू नका." मी कसला राग मानणार? तो भांडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

हळूहळू गाड्या थांबेनाशा झाल्या. कुणी बाबांना वाईट बोललं नाही. येता-जाता हॉर्न वाजवून हात करायचे नि पुढं जायचे. हॉर्न बाबांना ऐकू जात नव्हता, पण हात दिसायचा. तेही हात करायचे.

अशाच एका सकाळी मी पोचले, तर पत्र्यांखाली धडधड चालली होती. बाबांनी होडीचं एक जुनं इंजिन ठेवलं होतं, हँडल मारून चालू करायचं. ते लावून, त्यावर तळवा ठेवून, पाठमोरे बसले होते. आईचं टेबल अजून तिथंच, त्यावर आता पान्हे पडलेले. मला एकदम भरून आलं. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, आईची आठवण येते का हो तुम्हाला?"

माझी सावली समोर पडली असणार. बाबा मागं न बघता म्हणाले, "फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल कर, पाणी काढ, मग चालू होईल."

आधी मला रागच आला. म्हटलं, मी काय विचारतेय नि हे काय बोलतायत! "बाबा!" मी ओरडले. ते जागचे हलले नाहीत. मग मी टेबलावरचा सगळ्यात मोठा पान्हा उचलला आणि सगळा जोर लावून पत्र्यावर आपटला. बाजूला झोपलेलं कुत्रं कोकलत पळालं. बाबा इंजिनवर हात ठेवून शांत बसलेले होते.

मी समोर गेले, इंजिन बंद केलं आणि त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?" ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कळलं व्हय तुला?" आणि सुटकेचा निःश्वास टाकला. खरंच सांगते, चोरी सापडल्यावर माणूस असा हलका झालेला मी पाहिला नव्हता.

त्यांनी सगळं सांगितलं. होडीच्या इंजिनांनी कान गेले होते, माझ्या लग्नाच्याही आधीच. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. "बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी देईल? अन तुला स्थळं येत होती. लोक म्हणाले असते, पोरीच्याही कानात दोष असंल." मग एकदा दोन्ही हात अडकले होते म्हणून स्क्रूड्रायव्हर दातात धरला, आणि त्याचं टोक चालू इंजिनला लागलं. "अन आतलं सगळं डोक्यात वाजाया लागलं गो बाय. देवळातल्या घंटेवानी." आईनंच मग डोकं चालवलं. म्हणाली, इंजिन ऐकू येतं तर मी का न्हाय येणार? टोक हनुवटीला लावून बोलून बघितलं. "तुझी आई रोज दुपारी बोलायची. कोण आलं, कोण गेलं, तू काय म्हणालीस. तुझ्या पोराचं पहिलं रडणं कसं होतं, ते रडून दाखवलं होतं तिनं."

मी विचारलं, "मग डॉक्टरांना नको का नाही म्हणालात? मान का डोलावलीत?"

"काय बोललात ते कळलंच न्हाय," बाबा म्हणाले. "चष्मा नव्हता. म्हटलं, पोरगी विचारते हाय तर भल्याचंच विचारत असंल." आणि मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे. दुखायचे पण लय."

त्यानंतर मी कानाचं यंत्र आणलं. महागाचं आणलं, आणखी एका डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यात त्यांना नुसता कालवा ऐकू यायचा. पत्रे, वारा, कावळे, गाड्या, सगळं एकात एक. चार दिवस माझ्या समाधानासाठी घातलं आणि मग डबीत ठेवून दिलं. मी बजावलं तर हसले. आता त्या हसण्याचा मला राग येत नाही, पण तेव्हा केला तो तर करून बसलेय.

गेल्या शनिवारी दुपारी मी स्वतःच फळीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला. मूठ उन्हात धरून बघितली. एका बाजूला वरच्या दातांचे चार खड्डे, दुसऱ्या बाजूला खालच्यांचे. मी त्यात अंगठा टेकवला तर बरोबर बसला. बाबा बाकावर बसून रस्त्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि मूठ पुढं केली. त्यांना कळलं. त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली, दोन्ही हातांनी मूठ धरून हिरड्यांत घट्ट दाबली आणि डोळे मिटले. मी वाकले. पोलादाचं टोक हनुवटीला टेकवलं. गार होतं.

"बाबा," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमच्या समोर येऊन, नीट विचारायला हवं होतं." मी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, रडत रडत म्हटलं. त्यांचे गाल थरथरत होते, इतक्या जोरानं ते मूठ दाबत होते.

मग त्यांनी ती तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि डोळे उघडले. "आलं," म्हणाले. "ऐकू आलं. व्हय, व्हय." आणि मान डोलावली. दवाखान्याच्या खुर्चीत डोलावली होती, अगदी तशीच.

"काय बोलले मी?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर ऊन किती झालंय ते बघितलं. उंडीची सावली बुंध्याशी आली होती.

"तुझी आई या टायमाला बोलायची तेच की," ते म्हणाले. "जेवायला चला. व्हय ना?"

"हो बाबा," मी म्हटलं. "जेवायला चला."